चौतीसशे डॉलरांत बांधलेले रोटरी इंजिन : एका सील-किटचे परीक्षण

मझदा आर-एक्स-८ या गाडीच्या ‘रेनेसिस’ रोटरी इंजिनासाठी, म्हणजे पिस्टनऐवजी रोटर फिरणाऱ्या इंजिनासाठी, परदेशातून मागवलेल्या सील-किटबद्दल, म्हणजे आतल्या फटी बंद करणाऱ्या भागांच्या संचाबद्दल, हे परीक्षण आहे. ऑकलंडमधील घराच्या गॅरेजात सात महिन्यांचे शनिवार-रविवार खर्ची घालून मी ते इंजिन स्वतः बांधले आणि त्यानंतर गाडी सुमारे चार हजार किलोमीटर चालवल्यावरच लिहायला बसलो आहे, कारण या इंजिनाबाबत पहिल्या आठवड्यात बनलेले मत फारसे टिकत नाही. विक्रेत्याचे नाव देत नाही. साधारण याच स्वरूपाची किटे वेगवेगळ्या खोक्यांत घालून अनेक जण विकतात आणि माझ्या तक्रारी त्यांतल्या बहुतेकांना लागू पडाव्यात. थोडक्यात मत असे की किटमधला माल चांगला आहे, किंमत रास्त आहे, परंतु खोक्यावरची ‘इंजिन नवे करण्यासाठी लागणारे सर्व काही’ ही ओळ खोटी आहे, आणि त्या ओळीवर विसंबून जो हिशेब मांडेल त्याचा हिशेब नक्की चुकेल.

गाडी २००४ सालची, जपानमधून आलेली, सहा गिअरची. न्यूझीलंडमध्ये अशा गाड्या पुष्कळ आल्या आणि ऑकलंडच्या दक्षिण भागात रोटरीचे वेड इतके मुरलेले आहे की शुक्रवारी रात्री त्या इंजिनाचा तुटक, भडभडणारा आवाज ऐकला की मुलेसुद्धा मॉडेल ओळखतात. मला ती अकराशे न्यूझीलंड डॉलरांना मिळाली. एवढ्या स्वस्तात मिळण्याचे कारण पहिल्याच दिवशी कळले. थंड इंजिन अर्ध्या सेल्फला सुरू होई, पण वीस मिनिटे चालवून बंद केले की पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नसे. रोटरीत हे लक्षण म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब धरून ठेवण्याची ताकद, गेल्याची जवळजवळ पावतीच असते. इंजिन बांधून देणाऱ्या तीन ठिकाणी चौकशी केली तेव्हा सर्वांत कमी बोली साडेसहा हजार डॉलरांची आली. गाडीच्या सहापट पैसे इंजिनावर घालणे मनाला पटेना, म्हणून स्वतः बांधायचे ठरवले.

किट मागवण्याआधी नव्वद डॉलर देऊन कॉम्प्रेशन तपासून घेतले. हे नव्वद डॉलर कुणीही वाचवू नयेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पिस्टन इंजिनाचा साधा गेज येथे दिशाभूल करतो. फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारख्या रोटरच्या तीन बाजूंचे तीन कप्पे एकाच स्पार्क प्लगच्या भोकासमोरून जातात आणि साधा गेज त्या तिघांपैकी फक्त सर्वांत जास्त दाब धरून ठेवतो. म्हणजे दोन कप्पे धडधाकट आणि तिसरा मेलेला असला तरी काटा निरोगीच दिसतो. रोटरीसाठी वेगळा टेस्टर लागतो, जो तिन्ही दाब स्वतंत्र नोंदवतो आणि सेल्फच्या वेगानुसार ते मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबात आणून देतो. मॅन्युअलप्रमाणे नव्या इंजिनाला ८३० किलोपास्कल दाब असावा, किमान ६८०, आणि एकाच रोटरच्या कप्प्यांमधला फरक १५०च्या वर नसावा. माझ्या पुढच्या रोटरचे आकडे ६१०, ५९० आणि ४२० आले. मागचा रोटर ६४०च्या आसपास, म्हणजे म्हातारा असला तरी तिन्ही बाजूंनी सारखाच म्हातारा. यावरून पुढच्या रोटरच्या एका कप्प्याचे सील गेले आहे आणि बाकी सर्वसाधारण झीज आहे, असा अंदाज बांधता आला.

माझे काका कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे मशीन शॉप चालवत होते. रोटरी इंजिन त्यांनी आयुष्यात पाहिलेले नाही, पण बीड (ओतीव लोखंड) आणि माप या दोन गोष्टींत त्यांचा हात धरणारा आमच्या घरात कोणी नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांना सारे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “अरे, खोलल्याशिवाय सामान कसलं मागवतोस? आधी खोल, माप घे, मग पैसे काढ.” मी म्हणालो, “काका, किट मागवून झालंय.” त्यावर ते काही बोलले नाहीत, चहाचा कप उचलला. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, हे पुढे खर्चाच्या वहीत दिसले.

किट जीएसटी आणि टपालखर्च धरून १,४८० डॉलरांना पडले. त्यात टोकाची सहा सील म्हणजे एपेक्स सील, बारा कॉर्नर सील, बारा साइड सील, त्यांच्या स्प्रिंगा, कुलंटची रबरी सील, तेलाच्या रिंगांखालचे ओ-रिंग आणि गॅस्केटांचा संच होता. पिस्टन रिंगांचे काम रोटरीत ही सारी मंडळी मिळून करतात. टोकाचे सील रोटर आणि हाउसिंगची (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाची) आतली कड यांच्यामधली फट धरते, साइड सील रोटरची सपाट बाजू आणि शेजारची बिडाची प्लेट यांच्यामधली, आणि जिथे ही दोन्ही भेटतात तिथे कॉर्नर सील बसते. यांतले एकही नीट बसले नाही तर बाकीच्यांच्या निर्दोषपणाला अर्थ उरत नाही.

माल हातात आल्यावर सर्वांत आधी मायक्रोमीटर लावला. टोकाच्या सहाही सीलांची जाडी २ मिलिमीटरच्या आसपास, एकमेकांत ०.०१ मिलिमीटरहून जास्त फरक नाही. पृष्ठभाग गुळगुळीत, कडांना बर, म्हणजे धातूचे कुसळ, नाही. याबाबतीत विक्रेत्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. मागवताना मूळ कंपनीच्या जातीची सील आणि अधिक कठीण धातूची सील असे दोन पर्याय होते. मी पहिला निवडला आणि टर्बो नसलेल्या गाडीसाठी तोच निवडावा असे माझे मत आहे. कठीण सील सहजासहजी तुटत नाही हे खरे, पण त्याचा भार हाउसिंगच्या आतल्या क्रोमच्या मुलाम्यावर येतो आणि क्रोम गेलेले हाउसिंग घरी दुरुस्त होत नाही.

आता तक्रारी. कॉर्नर सीलच्या स्प्रिंगा बाराऐवजी अकराच निघाल्या. सोबतच्या सूचनापत्रावर जुन्या टर्बो इंजिनाची आकृती होती, ज्यात एक्झॉस्टचे भोक रोटर हाउसिंगच्या कडेला असते. रेनेसिसची सारी ओळखच ही की त्याचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या बिडाच्या प्लेटांमध्ये नेलेले आहेत, त्यामुळे हे पत्र चुकीचेच नव्हे तर नवशिक्याला घातक आहे. तेलाच्या रिंगांचे आतले आणि बाहेरचे ओ-रिंग एकाच पिशवीत कोंबलेले होते. व्यासात फरक इतका थोडा की टेबलावर जोड्या लावून निवडण्यात एक संध्याकाळ गेली. विक्रेत्याला लिहिल्यावर उत्तर विनयशील आले, स्प्रिंग मात्र आली नाही. जुन्या बारांपैकी जिची उंची नव्या स्प्रिंगांशी जुळली ती वापरली.

यापुढची गोष्ट तक्रार नाही, पण खरेदी करणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवी. साइड सील मुद्दाम लांब दिलेली असतात. ज्या खाचेत ते बसायचे त्या खाचेत, त्या कोपऱ्यातल्या कॉर्नर सीलला टेकवून, प्रत्येक सील स्वतंत्र कानसून बेतावे लागते. मॅन्युअलला ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर फट चालते. मी ०.०५च्या जवळ राहायचे ठरवले. सील म्हणजे एक मिलिमीटरहूनही बारीक, कमानीसारखी वाकलेली पट्टी. ती दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरायची, बारीक कानशीचे दोन हात द्यायचे, टोक बोटाने पुसायचे, खाचेत बसवायची आणि फीलर गेजचे ०.०५चे पान घालून पाहायचे. पान शिरत नसेल तर पुन्हा दोन हात. शिरले आणि ०.०८चे शिरले नाही, की थांबायचे. हे बारा वेळा. पहिल्या संध्याकाळी फक्त दोन झाली. तिसऱ्या संध्याकाळी फोनवर बोलता बोलता दोनऐवजी पाच-सहा हात दिले गेले आणि एक सील ०.२२वर गेले. किटमध्ये जादा सील नसते, त्यामुळे ते एकटेच वेगळे मागवावे लागले. झालेली सील मी अंड्यांच्या बारा खणांच्या पुठ्ठ्यात, खणावर रोटर आणि बाजू लिहून ठेवत असे. घरात त्या आठवड्यात आम्लेट पुष्कळ झाली.

खोक्यावरची ओळ जिथे खोटी ठरते ती जागा म्हणजे हाउसिंग, प्लेटा आणि बेअरिंगे. इंजिन खोलल्यावर पुढच्या रोटर हाउसिंगच्या क्रोमचा कडेचा बोटभर पट्टा उडालेला दिसला आणि त्याच्या अलीकडे आडव्या, एकमेकांना समांतर अशा बारीक लाटांच्या खुणा होत्या. रोटरीच्या इतिहासात या खुणांना मोठे स्थान आहे. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरून एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ मध्ये पहिले इंजिन चालले आणि पुढे मझदाने परवाना घेतला, तेव्हा केनिची यामामोटो यांच्या हाताखालच्या ४७ अभियंत्यांना सर्वांत छळले ते याच खुणांनी. टोकाचे सील फिरताना थरथरते आणि भिंतीवर ओरखडे काढते. त्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटले. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचे सील करून त्यांनी त्यावर मात केली, तेव्हा कुठे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. माझ्या हाउसिंगवरच्या खुणा नखाला जेमतेम लागत होत्या, पण उडालेल्या क्रोमला औषध नव्हते. गाड्या सोडवून सुटे भाग विकणाऱ्या यार्डातून वापरलेले हाउसिंग साडेतीनशे डॉलरांना आणले. नवे त्याच्या कितीतरी पट महाग.

बिडाच्या प्लेटांबाबत मात्र नशीब बरे निघाले. साइड सील जिथून फिरते तिथे पायरी पडलेली असते, तिची खोली डायल गेजने मोजली. मर्यादा ०.१० मिलिमीटरची आहे, माझ्याकडे सर्वांत वाईट जागा ०.०६ होती, तीही मधल्या प्लेटवर, जिथे दोन्ही रोटरांची एक्झॉस्ट एकत्र येतात आणि उष्णता सर्वांत जास्त असते. एका वर्कशॉपने तीनही प्लेटा घासून सपाट करून देण्याची तयारी दाखवली होती. काकांना विचारले तर त्यांचा पहिला प्रश्न, “वरचा थर कठीण केलेला आहे का?” प्लेटांवर नायट्रायडिंगचा, म्हणजे नायट्रोजन मुरवून कठीण केलेला, थर असतो आणि तो पातळ असतो. घासला तर खालचे मऊ बीड उघडे पडणार आणि पुन्हा नायट्रायडिंग करून घ्यायचे तर काटकसरीचा सारा बेतच कोसळणार. मापे मर्यादेत असल्याने प्लेटा फक्त धुऊन, काजळी काढून तशाच वापरल्या.

स्थिर गिअरांमधली (इंजिनाच्या दोन टोकांना पक्क्या बसवलेल्या, न फिरणाऱ्या गिअरांमधली) दोन्ही बेअरिंगे तांबे दिसेपर्यंत झिजलेली होती. ती बदलायला २४० डॉलर गेले. आठ तेल-रिंगांपैकी दोनींची धार अर्ध्या मिलिमीटरहून रुंद झाली होती, त्या १२० डॉलरांना आणल्या. किटमध्ये यांतले काहीच नसते आणि नसणे समजण्यासारखेही आहे. आक्षेप ‘सर्व काही’ या दोन शब्दांना आहे. शिवाय ठिणगीसाठीच्या चार कॉइल आणि चार प्लग मिळून ४२० डॉलर. कॉइल कमजोर पडून न जळलेले पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो चोंदतो आणि इंजिन भाजून निघते. या गाडीची कित्येक इंजिने अशीच गेली आहेत, त्यामुळे जुन्या कॉइलवर नवे इंजिन चढवणे म्हणजे स्वतःच स्वतःला फसवणे. हत्यारांना २१० लागले. त्यांतला मोठा वाटा फ्लायव्हीलच्या ५४ मिलिमीटर नटाच्या सॉकेटचा होता. तो नट सोडवायला मी आणि शेजारचे निवृत्त फिटर असे दोघे दीड मीटरच्या पाइपला लोंबकळलो होतो. इंजिन उचलण्याचा क्रेन दोनदा भाड्याने आणला त्याचे १६०, तेल-कुलंट-रसायने यांचे २३० आणि दोन कॉम्प्रेशन चाचण्यांचे १८०. बेरीज ३,३९०. वाया गेलेल्या त्या एका साइड सीलचे पैसे यात धरलेले नाहीत, ते माझ्या फोनच्या खाती.

जुळणीबद्दल फार लिहीत नाही. रोटरी उभी रचतात. पुढची प्लेट खाली, तिच्यावर रोटर, मग एक्सेंट्रिक शाफ्ट (रोटर ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा), मग हाउसिंग, आणि सारी सील व्हॅसलिनने जागी चिकटवलेली. मधली प्लेट घालताना शाफ्ट साधारण २५ मिलिमीटर वर उचलून धरावा लागतो, नाहीतर ती त्याच्या मागच्या फुगवट्यावरून उतरत नाही, आणि उचलताना खालचे कॉर्नर सील हलले की पुन्हा पहिल्यापासून. मला तीनदा रचावे लागले. दुसरी काळजी पुढच्या टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगची, म्हणजे शाफ्टला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या बेअरिंगची. पुढचा बोल्ट ढिला असताना शाफ्ट मागे सरकला की आतले सुयांचे बेअरिंग जागेवरून घसरते आणि न दिसता चिमटते. म्हणून तो बोल्ट इंजिनाचे तोंड आकाशाकडे करूनच आवळावा आणि नंतर शाफ्टचा मागे-पुढे खेळ डायल गेजने पाहावा. तो ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर असायला हवा. माझा ०.०५ आला. किटच्या सूचनापत्रात याचा उल्लेखही नाही.

पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा इंजिन सुरू झाले आणि मागून एवढा पांढरा धूर निघाला की समोरच्या घरातले गृहस्थ बाहेर आले. तो व्हॅसलिनचा आणि जुळणीच्या तेलाचा धूर असतो, दहा-बारा मिनिटांत ओसरतो. पहिले दीड हजार किलोमीटर चार हजार आरपीएमच्या खाली चालवली आणि मग पुन्हा चाचणी करून घेतली. पुढचा रोटर ७७०, ७६०, ७८०. मागचा ७९०, ७८०, ७९०. वापरलेल्या हाउसिंगवर आणि न घासलेल्या प्लेटांवर हे आकडे माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले आहेत आणि त्यांचे श्रेय बरेचसे किटमधल्या सीलांच्या अचूकपणाला द्यावे लागेल. गरम इंजिन आता दुसऱ्या फेरीला सुरू होते. साडेआठ हजार आरपीएमपर्यंत ते ज्या सहजतेने चढते, त्यासाठीच तर हा उपद्व्याप होता.

एक सवय नव्याने लागली. या इंजिनात तेल सीलांना मिळावे म्हणून एक छोटा पंप संपमधले (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातले) तेल थोडे-थोडे आत सोडतो, पण ते पुरत नाही असे पुष्कळांचे मत आहे, म्हणून मी पेट्रोलमध्ये दर वीस लिटरला शंभर मिलिलिटर टू-स्ट्रोक तेलही घालतो. पंपावर डबी उघडली की सांगलीतला पेट्रोलपंप आठवतो. बाबांच्या चेतकमध्ये ‘टू-टी’ घालायला मुलगा दांड्याचा पंप घेऊन यायचा आणि तोच वास शाळेच्या दप्तरालाही लागलेला असायचा.

ज्याच्याकडे मायक्रोमीटर आणि डायल गेज आहे, इंजिन आधीच खोलून हाउसिंग व प्लेटा मोजलेल्या आहेत आणि संयम आहे, त्याने हे किट खुशाल घ्यावे. पाचांपैकी साडेतीन गुण. दीड गुण सूचनापत्राचा आणि कमी आलेल्या स्प्रिंगेचा. ज्याला एका लांब सुट्टीत काम उरकायचे आहे त्याने साडेसहा हजारांची बोली पुन्हा एकदा विचारात घ्यावी.

सध्या एकच गोष्ट राहिली आहे. तेलाच्या संपच्या सांध्यातून रात्रभरात दोन-तीन थेंब पडतात. तेथे गॅस्केट नसते, द्रव सीलंट लावतात, ते किटमध्ये येत नाही आणि मी लावलेला थर मागच्या कोपऱ्यात पातळ राहिला. खाली पुठ्ठा घालून ठेवला आहे. जूनमध्ये वॉरंट ऑफ फिटनेसची, म्हणजे गाडीच्या इथल्या सक्तीच्या तपासणीची, तारीख येण्यापूर्वी संप उतरवणार आहे.